अकरा मितींचा हिशोब

एका संध्याकाळी कामगारसंघाच्या कचेरीत आम्ही पुस्तक उघडून बसलो असता एका फिटर मित्राने आम्हांस विचारले, "भाऊ, लांबी, रुंदी, उंची या तीन मिती, चौथा काळ. मग हे शास्त्रज्ञ अकरा कोठून आणतात? आपण मागणीपत्रकात आकडा चढवून लिहितो, तसाच हा प्रकार नव्हे ना?" प्रश्न मार्मिक होता. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कचेरीतील दिव्याखाली अधिक झाले. तरी जे उत्तर आम्हांस उमगले, ते येथे मांडतो.

सृष्टीतील कणांच्या दोन जाती आहेत. इलेक्ट्रॉनसारखे पदार्थ घडविणारे कण ते फर्मिऑन. आणि प्रकाशकणासारखे बळाची ने-आण करणारे ते बोसॉन. हे दुसरे नाव १९२४ साली ढाक्का विद्यापीठात असताना मूलगामी शोध लावणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून पडले. प्रत्येक कणास अंगची अशी एक फिरकी असते. बोसॉनची फिरकी शून्य, एक, दोन अशा पूर्णांकात मोजतात. फर्मिऑनची अर्धा, दीड अशी. या दोन जातींची अदलाबदल करता येईल, प्रत्येक बोसॉनास एक फर्मिऑन जोडीदार असेल, असा नियम १९७० नंतरच्या वर्षांत पुढे आला. त्यास अतिसममिती म्हणतात.

आता पुढील पायरी. कारखान्यातील सर्व घड्याळे एकदम तासभर पुढे सारली, तर कामाची घडी मोडत नाही. परंतु प्रत्येक खात्याने आपले घड्याळ मनास येईल तसे लावावे, अशी मुभा दिली तर? मग एका खात्याचे दहा म्हणजे दुसऱ्याचे किती, हे सांगत फिरणारा निरोप्या नेमावाच लागतो. पदार्थविज्ञानात निसर्गाचे बल म्हणजे असा निरोप्याच होय. विद्युत्‌बलाचा निरोप्या प्रकाशकण.

अतिसममितीसही स्थळोस्थळी, क्षणोक्षणी अशीच मुभा दिली, तर दीड फिरकीचा एक निरोप्या लागतो. त्याचे नाव ग्रॅव्हिटिनो. गंमत पुढेच आहे. अतिसममितीची अदलाबदल लागोपाठ दोनदा केली, की कण पूर्वीच्या जातीत परत येतो. पण अवकाश-काळात किंचित सरकलेला असतो. हे सरकणे प्रत्येक ठिकाणी निराळे असू शकले, की १९१५ सालचा आइन्स्टाइनचा गुरुत्वसिद्धांत आपोआप दारात येऊन उभा राहतो! ग्रॅव्हिटिनोचा जोडीदार म्हणजे दोन फिरकीचा गुरुत्वकण, ग्रॅव्हिटॉन. हेच अतिगुरुत्व. ते १९७६ साली फ्रीडमन, फेरारा व व्हान न्यूवेनहाउझेन यांनी, आणि त्याच वर्षी निराळ्या वाटेने देसेर व झुमिनो यांनी मांडले. पहिल्या तिघांना आपली अखेरची पदे परस्परांस छेदून शून्य होतात की नाही, हे संगणकाकडून तपासून घ्यावे लागले.

पण अकराच का? दोनाहून अधिक फिरकीचे वस्तुमानहीन कण घेतले, तर गुरुत्वाशी त्यांचा सुसंगत व्यवहार जमत नाही. अतिसममितीची प्रत्येक पायरी फिरकी अर्ध्याने बदलते. उणे दोनापासून अधिक दोनापर्यंत अशा पायऱ्या आठच. म्हणून आपल्या चार मितींत अतिसममिती आठाहून अधिक घेता येत नाहीत. प्रत्येकीचे घटक चार, एकूण बत्तीस. मिती वाढल्या की एकाच अतिसममितीचे घटक फुगत जातात: दहा मितींत निदान सोळा, अकरांत बत्तीस, बारांत चौसष्ट. बत्तीस ही मर्यादा. म्हणून बारावी मिती बाद. ही गोष्ट नाम यांनी १९७८ साली दाखविली आणि त्याच वर्षी क्रेमर, झूलिया व शेर्क यांनी पॅरिसमध्ये अकरा मितींचा सिद्धांत रचला.

त्याचा ताळेबंद पाहा. बोसॉनच्या बाजूस गुरुत्वाच्या ४४ अवस्था आणि दुसऱ्या एका क्षेत्राच्या ८४, बेरीज १२८. फर्मिऑनच्या बाजूस ग्रॅव्हिटिनोच्या १२८. सात मिती गुंडाळून चारांत उतरले, तरी दोन्ही बाजूंस १२८च! गुंडाळणे म्हणजे काय? दुरून सुताचा धागा नुसती रेघ दिसतो. जवळून त्यास घेर असतो. असा सूक्ष्म घेराचा विचार कालुझा व क्लाइन यांनी १९२१ ते १९२६ या काळातच मांडला होता.

फिटर मित्रास आम्ही म्हणालो, "हा आकडा चढवून मागितलेला नाही. नियम एकदा मान्य केला, की कमाल मर्यादा तोच ठरवितो."

परंतु येथे थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९८० साली हॉकिंग यांनी आठ अतिसममितींच्या अतिगुरुत्वाकडे अंतिम सिद्धांताचा उमेदवार म्हणून बोट दाखविले. पण निसर्गातील दुर्बल बल डाव्या-उजव्यांत भेद करते, आणि अकरा मिती साध्या रीतीने गुंडाळल्या तर तो भेद हाती लागत नाही. पुढे १९९५ साली विटेन यांनी सुचविले की दहा मितींचे पाचही तंतुसिद्धांत एकाच मूळ सिद्धांताची रूपे असून, अल्प ऊर्जेत त्याचे एक रूप हे अकरा मितींचे अतिगुरुत्वच आहे. मान परत मिळाला. साक्ष मात्र मिळाली नाही. जिनिव्हाजवळच्या महायंत्रात २०१२ साली हिग्ज कण सापडला, पण अतिसममितीचा एकही जोडीदार आजवर सापडलेला नाही. २०१९ साली पहिल्या तिघांस मोठे पारितोषिक मिळाले, ते विचाराच्या थोरवीबद्दल.

बोनसच्या एका दाव्यात आमचा हिशोब पैनेही चुकला नव्हता. हजेरीपत्रक तेवढे हाती नव्हते. तो दावा आम्ही हरलो, आणि त्या दिवाळीत शंभर घरांकडे पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो: हिशोब जुळणे आणि हिशोब खरा ठरणे. मात्र हिशोब जुळविणाऱ्यास आम्ही हसत नाही. साक्षीदार येईल त्या दिवशी कागद तयार लागतात. आणि न आला, तर दावा मागे घेण्याची हिंमतही लागते. शास्त्राची प्रतिष्ठा या दोहोंवर उभी आहे.