मोतीची राहून गेलेली शिकवणी

आमच्या लहानपणी कुत्रा पाळायचा असे, शिकवायचा नसे. औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात मोती कधी आला, कुणी आणला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उरलीसुरली भाकरी खावी, रात्री भुंकावं आणि दिवसा ओट्याखाली पडून राहावं, एवढीच त्याची नोकरी. आम्हा पोरांनी त्याला एकच विद्या शिकवली होती. कुणाकडेही बोट दाखवून ‘छू’ म्हटलं की मोती भुंकत धावे. समोरचा माणूस टोपी सावरत पळे आणि आम्ही पोट धरधरून हसत असू. एके दिवशी तो धावला तो थांबलाच नाही. दूधवाल्याच्या पोटरीत त्याचे दात रुतले. त्याच संध्याकाळी वडिलांनी मोतीला पोत्यात घालून, सायकलच्या कॅरिअरला बांधून, दौलताबादच्या रस्त्याला दूर नेऊन सोडलं. “चावरा निघाला,” एवढंच ते म्हणाले. ‘छू’ कुणी म्हटलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

या गोष्टीला पन्नासहून अधिक वर्षं झाली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली, मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आणि सिडकोत राहायला आलो. मोतीची आठवण मी सहसा काढत नसे. ती काढायला लावली सोन्याने.

सोन्या म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचं गावठी पिल्लू. भर पावसात स्कूटरखाली कुडकुडत बसलेलं नातवाने उचलून आणलं. सौ.ने कपाळाला हात लावला. “अहो, नळाला आठवड्याने पाणी येतं, आणि हे रोज फरशी धुवायला लावणार!” तिचं खरंच होतं. सोन्याने पहिल्याच दिवशी चार ठिकाणी आपली सही केली.

मी माझी तीस वर्षांची अनुभवसिद्ध पद्धत वापरली. ओरडलो, वर्तमानपत्राची सुरळी आपटली, त्याचं नाक ओल्या फरशीवर घासलं. आठवडाभराने फरक पडला, नाही असं नाही. सोन्या आता दिवाणाखाली जाऊन करू लागला. लस टोचायला नेलं तेव्हा मी पशुवैद्यांकडे तक्रार केली. ते हसले. म्हणाले, “सर, घरात करू नये हे त्याला कळलंच नाही. तुमच्यासमोर करू नये, एवढं मात्र पक्कं कळलं.”

चुकलेलं गणित माझ्यापासून वहीत लपवणारी कितीतरी पोरं त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

मग डॉक्टरांनी मला धडे दिले. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ धरवत नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच बाहेर न्यायचं, आणि रोज एकाच जागी. तिथे केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा कण. घरात परत आल्यावर दिला तर तो घरात येण्याचा खाऊ होतो! घरात चूक झाली तर न बोलता पुसून टाकायचं. मी लिंबाच्या झाडाखालची जागा ठरवली आणि घड्याळ लावून फेऱ्या मारल्या. पंधरवड्यात आमची फरशी कोरडी राहू लागली.

‘बस’ तर त्याहून सोपं निघालं. अंड्याचा तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते, तसं बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी शाबासकी. तास फक्त पाच मिनिटांचा, दिवसातून तीनदा. अडचण सोन्याची नव्हती, आमची होती. मी ‘बस’ म्हणे, नातू ‘सिट’ म्हणे आणि सौ. ‘खाली बस रे मेल्या’ म्हणे. शेवटी आम्ही घरची बैठक घेतली आणि फ्रिजवर चार शब्दांचा तक्ता चिकटवला: ये, बस, थांब, सोड. सोन्या हात चावू लागला की खेळ तिथेच थांबवायचा, पाठ फिरवायची आणि शांत झाला की चघळायला दोरी द्यायची, हा पाचवा नियम. तो नातवाला पाठ व्हायला सोन्यापेक्षा जास्त दिवस लागले.

पिल्लाची पाटी फार काळ कोरी राहत नाही. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. माणसांची आणि जगाची ओळख होण्याचा पिल्लाचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा, असं त्यांना आढळलं. लसी पुऱ्या व्हायच्या असल्याने मी सोन्याला खाली न सोडता कडेवर घेऊन कॅनॉटच्या बाजारात हिंडलो. रिक्षा, छत्री, हेल्मेट, वरातीचा बँड, सगळं त्याने माझ्या खांद्यावरून पाहिलं. लोक हसत होते. हसू दिलं.

पुढच्या वर्षी एका प्राणी-निवाऱ्यातून काळीला आणलं, तेव्हा लिहिलेली पाटी कशी असते ते कळलं. वय अंदाजे तीन वर्षं. दोन घरांतून परत आलेली. “ऐकत नाही,” हे दोन्हीकडचं कारण. पहिले तीन दिवस ती दिवाणाखालून बाहेरच आली नाही. सौ.ने केरसुणी उचलली की ती जमिनीला चिकटून थरथरे. तिला ‘बस’ शिकवण्यात अर्थच नव्हता. मी जमिनीवर पेपर वाचत बसे, तिच्याकडे न पाहता. जवळ भाकरीचा तुकडा ठेवलेला असे. चौथ्या दिवशी तुकडा गेला. दहाव्या दिवशी तिने माझ्या गुडघ्याला नाक लावलं.

कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेले प्रयोग मी नंतर वाचले. अनोळखी माणसावर विश्वास बसायला या कुत्र्यांना खाऊपेक्षा प्रेमाने थोपटणं अधिक उपयोगी पडतं, असं त्यांना २०१७ मध्ये दिसलं. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं की माणसाने बोटाने केलेली खूण या कुत्र्यांना शिकवल्याशिवाय समजते. जी जवळ आली त्यांतल्या बहुतेकांना समजली. जी आलीच नाहीत, ती बरीचशी धास्तावलेली होती. म्हणजे बुद्धीची कमतरता नव्हतीच. आपल्या गल्लीतलं कुत्रं जन्मल्यापासून एकच मराठी शब्द ऐकतं, ‘हाड’. तो धडा ते चोख शिकतं, आणि मग आपण म्हणतो, गावठी कुत्र्याला अक्कल नसते!

मोकाट कुत्र्यांचा वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कुत्रं चावलं की त्या घरावर काय गुदरतं, हे मी जाणतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लस घ्यायची, यात हयगय नकोच. पण घरात आणलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. त्याला हुशार करण्याची गरज नाही. चार शब्द आणि आपला थोडा धीर पुरतो.

त्या चार शब्दांतला ‘ये’ शिकवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, “हाक मारून बोलावलंत की त्यानंतर काही वाईट घडता कामा नये. औषध पाजायचं असेल, साखळी घालायची असेल, तर आपण उठून त्याच्याकडे जायचं.” मी वहीत लिहून घेतलं आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसलो.

मोतीला पोत्यात घालायला त्या संध्याकाळी धावपळ करावी लागली नव्हती. वडिलांनी ओट्यावर उभं राहून हाक मारली, “मोत्या, यू यू!” आणि तो शेपूट हलवत आला होता.

सोन्या आणि काळी आता हाकेसरशी येतात. दूधवाला फाटकाशी आला की ‘थांब’ म्हटल्यावर थांबतात. संध्याकाळी अंगणातून बोलावलं की दोघांना एकेक तुकडा मिळतो. सौ. म्हणते, “अहो, आता शिकलीत की ती. रोज रोज कशाला?”

मी काही बोलत नाही. तुकडा देतो.