म्युनिकचा रॉक आणि बंगळुरूची लय

रॉक बँडचा आवाज बदलला असं आपण सहज म्हणतो. बहुतेक वेळा फक्त एक नवं वाद्य आलेलं असतं. बीटल्सनी १९६५ मध्ये सतार वाजवली, पण तिच्याखालचं गाणं त्यांचं नेहमीचंच होतं. आवाज खरा बदलतो तो ड्रमवाला वेगळं मोजायला लागतो तेव्हा. एका जर्मन बँडच्या बाबतीत हे घडलं, आणि ते घडवण्यात बंगळुरूच्या एका तालवाद्य-विद्यालयाचा मोठा हात होता.

बँडचं नाव एम्ब्रियो. ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवणाऱ्या क्रिस्टियान बुर्खार्डने १९६९ मध्ये म्युनिकला तो सुरू केला. ‘ओपल’ हा पहिला अल्बम १९७० चा. सुरुवातीचं संगीत म्हणजे रॉक आणि जॅझ यांचं लांबलचक, मोकळं वादन. सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो १९७३ च्या ‘वी कीप ऑन’मध्ये त्यांच्याबरोबर होता. हा मूळचा बोस्टनचा जॅझवाला, आणि नादस्वरम शिकलेला. दक्षिण भारताकडे जाणारी वाट बँडमध्ये त्याच्या रूपाने आधीच उघडली होती.

मग १९७८-७९ मध्ये ही मंडळी बसमध्ये वाद्यं भरून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या रस्त्याने भारतात आली. वाटेत भेटेल त्या वादकाबरोबर बसायचं आणि वाजवायचं, असा तो प्रवास. ‘एम्ब्रियोज राइझे’ हा अल्बम त्यातूनच निघाला.

बंगळुरूत मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांचं कर्नाटक कॉलेज ऑफ परकशन १९६४ पासून चालू होतं. मृदंग, घटम, खंजिरी, मोरसिंग ही वाद्यं तिथे शिकवली जात, आणि मणी यांच्या पत्नी आर. ए. रामामणी गायच्या. जर्मन वादकांची गाठ या लोकांशी पडली. पुढचं सगळं समजायचं तर दोन्हीकडचे लोक ताल कसा मोजतात ते आधी पाहायला हवं.

रॉकचा ड्रमवाला चार ठोके धरतो. पहिल्या आणि तिसऱ्याला पायाचा मोठा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्याला स्नेअरचा कडक फटका. कर्नाटक संगीतातला आदिताल आठ मात्रांचा आणि हातावर मोजायचा: टाळी आणि तीन बोटं, मग टाळी-खाली, टाळी-खाली. आठ म्हणजे चाराची दुप्पट, म्हणून वरवर सगळं जुळतं. पण तबल्यावर ठेका ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानाला एक गोष्ट लगेच खटकते. मृदंग ठेका धरून बसत नाही. ताल हातावर चाललेला असतो आणि मृदंग त्याच्याभोवती मोकळा फिरतो. साहजिकच ठेका सांभाळायचं काम ड्रमवाल्याकडे येतं. रॉकमध्ये जो पुढे असतो, त्याला इथे जमीन व्हावं लागतं.

त्या जमिनीवर काय चालतं ते स्वतःच करून पाहा. हाताने चार ठोके द्या आणि प्रत्येक ठोक्यात चार मात्रा मोजा. एकूण सोळा झाल्या. आता ‘त-दि-गि-ण-तोम’ हा पाच अक्षरांचा बोल तीनदा म्हणायचा आहे, म्हणजे पंधरा. पहिली मात्रा गप्प राहा आणि सुरू करा. पहिला ‘त’ पहिल्या ठोक्याच्या दुसऱ्या मात्रेवर येतो, दुसरा ‘त’ दुसऱ्या ठोक्याच्या तिसऱ्या मात्रेवर, तिसरा ‘त’ तिसऱ्या ठोक्याच्या चौथ्या मात्रेवर. बोल दर वेळी ठोक्यापासून एकेक मात्रा दूर सरकतो, आणि तिसरा ‘तोम’ संपताच समोर सम उभी असते. आपल्याकडे तिहाई म्हणतात, तिचीच ही बहीण. कर्नाटक संगीतातले वादक असे बोल तोंडाने म्हणूनच शिकतात. त्याला कोन्नक्कोल म्हणतात. इथे ड्रमवाला त्या सरकण्याला भुलून स्वतः सरकला, तर सम गेलीच. न हलता ते सरकणं ऐकत राहणं, हे नवं मोजणं त्याला शिकावं लागतं.

दुसरी अडचण सुरांची. मृदंगाची उजवी बाजू गायकाच्या षड्जात लावलेली असते आणि घटम तर भाजलेली माती, तिचा सूर काय बदलणार? गिटारवाला मात्र गाण्याच्या मध्येच पट्टी बदलायला मोकळा असतो. इथे ती मोकळीक सोडावी लागते. बास गिटार तंबोऱ्यासारखी एका-दोन सुरांवर थांबते, कॉर्ड कमी होतात आणि गाणं वाढतं ते रागाच्या चलनाने. बँड आपलं काहीतरी सोडतो, तेव्हाच नवा आवाज येतो.

एम्ब्रियोतून १९८१ मध्ये ऊवे म्युलरिख, मार्लन क्लाइन, फ्रीडो योश हे वेगळे झाले आणि त्यांनी डिसिडेंटन हा बँड काढला. त्यांचा पहिला अल्बम ‘जर्मनिस्तान’ (१९८२) रामामणी आणि बंगळुरूच्या वादकांसह झाला, तोही भारतात ध्वनिमुद्रित होऊन. नंतर ते मोरोक्कोत टँजिअरला गेले. तिथल्या ‘सहारा इलेक्ट्रिक’ (१९८४) मधलं ‘फाटा मॉर्गाना’ युरोपातल्या डान्स क्लबांत गाजलं. १९९३ च्या ‘द जंगल बुक’मध्ये ते पुन्हा भारताकडे वळले. माझं मत स्पष्ट आहे: नाचायला लावणारा ठोका जसजसा ठाम होत गेला, तसतशी ती सरकती लय मागे पडली. ‘जर्मनिस्तान’ कमी गुळगुळीत असेल, पण त्यात दोन्ही बाजू एकमेकांचं ऐकताना दिसतात.

या काळातला आपला माणूस म्हणजे त्रिलोक गुर्टू. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा हा मुलगा, मुंबईत वाढलेला. सत्तरच्या दशकात तोही युरोपात चार्ली मारियानोबरोबर वाजवत होता. तबला आणि ड्रम या दोन्हींत मोजणारा माणूस तिकडच्या बँडना का हवा होता, हे वरचं गणित करून पाहिलं की कळतं.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘ज्योती’पासून करा. मारियानो आणि कर्नाटक कॉलेज ऑफ परकशन यांचा हा अल्बम म्युनिकच्या ईसीएम कंपनीने १९८३ मध्ये काढला. त्यात रॉकचा ड्रम नाही. मणींचा मृदंग, राजगोपाल यांचा घटम, शशीकुमार यांची खंजिरी, रामामणींचा गळा आणि सॅक्सोफोन ऐकू येतात. आधी तो ताल हातावर मोजून पक्का करा, मग ‘जर्मनिस्तान’ लावा आणि ड्रम कुठे थांबून ऐकतो त्याकडे लक्ष द्या.