एमबीबीएसचा हिशेब साडेपाच वर्षांचा

नीटचा निकाल लागला की मिठाई वाटली जाते आणि ‘पाच वर्षांत पोरगी डॉक्टर’ असं सगळे धरून चालतात. खरं तर साडेचार वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष इंटर्नशिप.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. खरी कसोटी इथंच. हे पास झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि संधी चारच. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं सुरुवातीला जड जातात. म्हणून आम्ही शिक्षक पालकांना सांगतो, ईदला घरी आलेल्या लेकराला ‘मार्क किती?’ हे लगेच विचारू नका.

मग पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी. सोबत वॉर्डातलं शिक्षण वाढतं. पुढे डोळे, कान-नाक-घसा, मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती, बालरोग वगैरे.

इंटर्नशिपमध्ये आळीपाळीनं सगळ्या मुख्य विभागांत ड्यूटी. ती पूर्ण झाल्याशिवाय कायमची नोंदणी नाही, म्हणजे दवाखान्याची पाटीही नाही. शेवटची परीक्षा होताच लग्नाची तारीख काढणाऱ्यांनी हे वर्ष जरूर मोजावं! बीयूएमएसलाही इंटर्नशिप धरून साडेपाचच वर्षं लागतात. प्रवेश घेतानाच स्टायपेंड किती आणि फी साडेचार वर्षांचीच ना, हे कॉलेजकडून लेखी घ्या.