बैलगाडीचा आस व रोधक : बुलढाणा जिल्ह्यातील घाटरस्त्यांच्या संदर्भात

वऱ्हाडचे पयानघाट व बालाघाट असे जे दोन जुने विभाग सांगितले जातात, त्यांमधील पायरी बुलढाणा जिल्ह्यात स्पष्ट दिसते. चिखली, मेहकर हा वरचा पठारी भाग. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही पूर्णेच्या खोऱ्यातील लोहमार्गावरची गावे. 1870 साली जलंबपासून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत लोहमार्गाचा फाटा आला. पठारावरच्या मालाची ओढ साहजिकच खाली, म्हणजे भरलेली गाडी घाट उतरणार व हलकी गाडी चढणार. राजूरच्या किंवा बोथ्याच्या घाटाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. कारण गाडीच्या सुधारणेची चर्चा निघाली की ओढण्याचा प्रश्न पुढे येतो आणि थांबविण्याचा मागे राहतो.

जुन्या गाडीत तुंबा आसावर घासत फिरे. वंगण कितीही घातले तरी बैलांच्या श्रमाचा बराच अंश या घर्षणात व लोखंडी धावेखालच्या खडीत वाया जाई. तथापि हाच अपव्यय उतारावर गाडीस अडवून धरी. गोळ्यांचे बेअरिंग व रबरी धाव आल्यावर सपाटीवरचा लाभ निर्विवाद झाला. परंतु उतारावरचा हा मूक रोधकही नाहीसा झाला.

एक उदाहरण घेऊ. भारासह 1,500 किलोग्रॅमची गाडी 20 स 1 या उतारावर आहे. गुरुत्वाकर्षण तिला 75 किलोग्रॅम इतक्या जोराने पुढे ढकलते. जुन्या चाकांचा विरोध भाराच्या तिसाव्या हिश्श्याइतका धरला तर तो 50 होतो व बैलांना 25 किलोग्रॅमचा रेटा थोपवावा लागतो. नव्या चाकांचा विरोध साठाव्या हिश्श्याइतका धरला तर हाच रेटा 50 होतो. गाडी हलकी चालते म्हणून मालक भार 2,000 पर्यंत वाढवितो, तेव्हा तो सुमारे 67 वर जातो. रोधक नसेल तर हे सर्व जुवावर येते. जू मानेवरून शिंगांकडे सरकते व जनावर मागील पाय रोवून घसरत उतरते. शिवाय उतारावर भाराचा मध्य आसाच्या पुढे झुकत असल्याने मानेवरचे ओझेही वाढते.

ओझेवाहू जनावरांसंबंधीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांत भारमर्यादा ठरविताना बेअरिंग व हवेच्या धावा यांस महत्त्व दिलेले आहे. एक किलोमीटर वा अधिक लांबीचा, 30 मीटरमागे 3 मीटरहून तीव्र चढ असल्यास भार निम्मा करावा, असेही त्यांत आहे. चढाची ही काळजी योग्यच. परंतु त्या कलमात उताराचा विचार नाही, ही उणीव म्हटली पाहिजे.

विदर्भातील शंकरपटाची गाडी याच्या अगदी उलट टोकाची. तेथे भार जवळजवळ नाही, सरळ धाव घ्यावयाची, आणि थांबण्याचे काम पुढच्या मोकळ्या जागेवर सोपविलेले. (2014 साली बंद झालेल्या या शर्यतींस 2021 च्या डिसेंबरात सशर्त मुभा मिळाली व 2023 साली घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरविला.) अमेरिकेतील सरळ धावेच्या मोटारशर्यतींतही हाच प्रश्न उभा राहिला : 2008 साली एका चालकाच्या मृत्यूनंतर सर्वांत वेगवान वर्गांची धाव 1,320 फुटांवरून 1,000 फुटांवर आणावी लागली, ती थांबण्यास जागा वाढावी म्हणून. घाटात अशी मोकळी जागा मिळत नाही.

तेव्हा आस बदलतानाच रोधकाचा विचार व्हावा. लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबण्याची जुनी युक्ती रबरी चाकास लागू पडत नाही. ठोकळा रबर झिजवितो. रोधकाचे डबे तुंब्याशी जोडलेले असावेत. जुन्या मोटारीचा आस गाडीस लावावयाचा असेल आणि त्यासोबत असे डबे आले असतील, तर ते जड व निरुपयोगी समजून काढून टाकू नयेत. दोन्ही चाकांवर सारखा दाब येईल असा एकच दांडा बसवावा, तो गाडीवानास बसल्या जागेवरून ओढता यावा व दात्यांत अडकून राहावा, म्हणजे कासऱ्यासाठी हात मोकळे राहतात. दाब एकदम देऊ नये. झटक्याने साटा पुढे कलतो व जू मानेवर आदळते. घाट सुरू होण्यापूर्वी भार किंचित मागे सरकवून बांधल्यास हा दोष बराच कमी होतो.