मंद आचेवरचा गॅमन : वेळ द्या, पण उष्णताही द्या

नाताळ किंवा ईस्टरचा सण जवळ आला की परदेशी गेलेली आपली माणसे सुटीवर घरी येतात. त्यांच्या सामानात हल्ली पुष्कळदा एक विजेचे भांडे असते. त्याला स्लो कुकर म्हणतात. सकाळी त्यात मांस घालावे, शेताला जावे, मिस्साला जावे, दुपारी परतावे तो जेवण तयार! शेतकरी गृहिणीला ही सोय मोठीच आहे. म्हणून या भांड्यात गॅमन कसा शिजवावा आणि तो शिजवताना कोणती काळजी घ्यावी, हे आम्ही येथे देत आहोत.

गॅमन म्हणजे काय?

डुकराची मागची मांडी मिठात किंवा मिठाच्या पाण्यात मुरवली की इंग्लंडमध्ये तिला गॅमन म्हणतात. मिठाच्या पाण्यात मुरवण्याची प्रसिद्ध पद्धत विल्टशायर परगण्यातील कॅल्न या गावी वाढली. तेथील हॅरिस घराण्याचा कारखाना १९८२ साली बंद पडला, पण पद्धत टिकून आहे. याच परगण्यातील स्विंडन शहरात आज गोव्याची अनेक कुटुंबे राहतात. त्यामुळे आपल्या लोकांना गॅमन नवा नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. दुकानात मिळणारे हॅमचे काप बहुधा शिजवलेले असतात. गॅमन कच्चा असतो. शिवाय मुरवण्याच्या मिठातील नायट्राइटमुळे त्याचा गुलाबी रंग शिजल्यावरही जात नाही. तेव्हा नुसत्या रंगावरून मांस शिजले की नाही हे कळत नाही.

साहित्य

दीड किलो गॅमनचा तुकडा, २ कांदे, २ गाजरे, २ तमालपत्रे, १०-१२ काळी मिरी, ५-६ लवंगा. वरून लावण्यासाठी २ मोठे चमचे किसलेला गूळ, १ चमचा मोहरीची पूड आणि १ चमचा माडाचे व्हिनेगर. मीठ मुळीच घालू नये.

कृती

१. गॅमन गोठलेला असेल तर तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्यावा. दीड-दोन किलोच्या तुकड्याला एक दिवस लागतो. गोठलेले मांस स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये.

२. मांस फार खारट असेल तर रात्रभर थंड पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवावे व सकाळी ते पाणी ओतून टाकावे.

३. कांदा व गाजर चिरून तळाशी पसरावे, त्यावर मांस ठेवावे, मसाला टाकावा आणि मांस अर्धे बुडेल इतके उकळते पाणी ओतावे. भांडे निम्म्याहून कमी नको आणि दोन तृतीयांशाहून अधिक भरलेले नको.

४. मोठ्या आचेवर ४ ते ५ तास किंवा लहान आचेवर ७ ते ८ तास शिजवावे. लहान आच ठेवायची असली तरी पहिला तास मोठी आच ठेवणे चांगले. झाकण सारखे उघडू नये. एकदा उघडले की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटे जातात.

५. मांस काढून वरची कातडी सोलावी, चरबीवर सुरीने चौकटी पाडाव्यात, गूळ-मोहरी-व्हिनेगरचे मिश्रण चोळावे आणि तापलेल्या भट्टीत १५-२० मिनिटे ठेवावे. भट्टी नसेल तर चरबीची बाजू तव्यावर टेकवून खरपूस करावी.

मंद म्हणजे कोमट नव्हे

मांडीचे मांस चिवट असते. सावकाश शिजताना त्यातील चिवट धागे विरघळून सरसासारखे मऊ होतात, म्हणून ते सुरीविना सुटते. पण मांसाच्या मध्यभागी उष्णता ७० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचून निदान दोन मिनिटे टिकली पाहिजे. मांसात खुपसायचा उष्णतामापक मिळाल्यास जरूर घ्यावा. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान रोगजंतू झपाट्याने वाढतात. मांस त्या टप्प्यात रेंगाळू देणे हाच खरा धोका.

आपल्याकडे वीज जाते, हे विसरू नये. आपण घरी असताना वीज गेली तर मांस लगेच गॅसवर किंवा चुलीवर शिजवून घ्यावे. घरी कोणी नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली हे ठाऊक नसेल, तर जीव हळहळला तरी ते अन्न टाकून द्यावे. अमेरिकेहून आणलेले भांडे बहुधा १२० व्होल्टचे असते. ते आपल्या विजेवर थेट लावू नये.

उरलेल्या मांसाचे काप करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे व तीन-चार दिवसांत संपवावे. पुन्हा गरम करायचे तर गॅसवर वाफा येईपर्यंत करावे, स्लो कुकरमध्ये नव्हे.

राजमा आधी उकळा

गॅमनच्या रश्शात राजमा घालून फेजाआद करण्याचा मोह होतो. गंमत अशी की हे भांडे मुळात कडधान्यासाठीच निघाले. अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन यांनी त्याचे पेटंट १९४० साली मिळवले. पण कच्च्या राजम्यात एक विष असते. मंद आचेवर ते नष्ट होत नाही आणि थोड्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात. राजमा रात्रभर भिजवावा, पाणी फेकावे, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि मगच भांड्यात घालावा.

घरचे डुक्कर, घरची जबाबदारी

घरच्या डुकराचे मांस मीठ लावून ठेवणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की मिठाने फितीच्या जंताची भीती गेली असे समजू नये. मांसात साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर ते खाऊ नये. कच्चट मांसातून हा जंत माणसाच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात, आणि अस्वच्छ हात, पाणी वा भाजीवाटे पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकतात. म्हणजे डुक्कर न खाणाऱ्या शेजाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. डुकरे गोठ्यात बांधून पाळावीत, त्यांना माणसाची घाण खाऊ देऊ नये, घरात संडास वापरावा आणि हात साबणाने धुवावेत. मांस मुरवताना अंदाजाने सोरा घालणेही धोक्याचे आहे.

किती खावे?

१०० ग्रॅम गॅमनमध्ये सुमारे दोन-अडीच ग्रॅम मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी एखाद्या कापावर थांबावे. असे मुरवलेले मांस वारंवार खाल्ल्याने आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे याच संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली जाहीर केले. सणाच्या दिवशी सर्वांनी मिळून आनंदाने खावे. रोजच्या ताटात मात्र आपली भाजी, डाळ आणि ताजी मासळीच बरी.