एक वर्ष परक्या मुलांसाठी : सेवा आणि तिची पथ्ये

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला, तेव्हा एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा आला. कोणी परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केलेले, कोणी डी.एड. झालेले, कोणी अभियंता. घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी. त्यांचे म्हणणे असे, की ज्या वसतिगृहाने आपल्याला वाढवले त्याचे ऋण फेडावेसे वाटते. परदेशातील मुलांच्या एखाद्या मिशनमध्ये वर्षभर स्वयंसेवक म्हणून काम करण्याची संधी दिसते आहे, जावे काय? पालकांकडून येणारा प्रश्न याच्या उलट दिशेचा असतो. बाहेरदेशातून कोणी वर्षभर येऊन आपल्या मुलांना इंग्रजी शिकवील काय?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर आमच्या मते एकच आहे, आणि ते नुसते 'हो' किंवा 'नाही' असे नाही. म्हणून हा विषय सविस्तर मांडण्याचे आम्ही ठरवले. 'मिशन' हा शब्द आपल्या भागात ख्रिस्ती दवाखाने व शाळा यांच्यासाठी रूढ आहे. येथे मात्र मुलांना ठेवून घेणारी, जेवू घालणारी आणि शिकवणारी कोणत्याही धर्माची वा विचाराची संस्था, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

परंपरा जुनी आहे

परक्या मुलुखात जाऊन मुलांसाठी वा रुग्णांसाठी काम करण्याची परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही. सिंथिया फरार ही अमेरिकन अविवाहित स्त्री १८२७ साली मुंबईत उतरली. पुढे तिने अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली तेथेच देह ठेवला. जोतीराव फुले यांनी तिची शाळा पाहिली होती, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे त्या भेटीचाही वाटा होता, हे सर्वश्रुत आहे. फरार यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या कामातून जे उरले ते येथील माणसांनी उचलले आणि आपल्या पद्धतीने पुढे नेले.

उलट दिशेचे उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. ते १९३८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून निघाले. त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. काही सहकारी परतल्यावरही कोटणीस थांबले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेतून विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले आणि आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तेथे निधन झाले. आजही चीनमध्ये त्यांचे स्मरण केले जाते ते त्यांनी किती शस्त्रक्रिया केल्या एवढ्यासाठीच नव्हे, तर ते तेथल्या लोकांतले एक झाले म्हणून.

तिसरे उदाहरण आपल्या चळवळीला जवळचे. इंग्लंडमधून आलेले धम्मचारी लोकमित्र १९७८ पासून पुण्यात राहून काम करू लागले. त्या कामातून पुढे 'बहुजन हिताय'ची वसतिगृहे महाराष्ट्रात उभी राहिली. त्यांच्यासाठी ब्रिटनमधील स्वयंसेवकांनी दारोदार फिरून मदत गोळा केली. या स्वयंसेवकांपैकी अनेकांनी ती मुले कधी पाहिली नसतील. तरीही त्यांची सेवा आम्हांला मोठी वाटते, कारण मुलांजवळ राहण्याचे आणि त्यांना वाढवण्याचे काम त्यांनी येथल्याच माणसांवर सोपवले.

तिन्ही उदाहरणांतून दोन गोष्टी दिसतात. ज्यांनी प्रत्यक्ष माणसांत काम केले ते दीर्घकाळ राहिले आणि तेथली भाषा शिकले. ज्यांना राहता येत नव्हते त्यांनी स्थानिक माणसाचे हात बळकट केले. एका वर्षासाठी जाणाऱ्याला पहिला मार्ग मोकळा नाही. त्याच्यासाठी दुसराच मार्ग आहे.

मुलाच्या बाजूने पाहिले तर

वसतिगृह चालवणाऱ्यांना जून महिना काय असतो हे ठाऊक आहे. मोलगी, धडगावकडच्या पाड्यांवरून सहा-सात वर्षांची मुले खापरला येतात. घरी वसावी वा पावरी बोलणारे मूल मराठीत विचारलेल्या प्रश्नाला नुसते डोळ्यांनी उत्तर देते. रात्री एक मूल रडू लागले की शेजारची तीन रडतात. दिवाळीनंतर अनेकांचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. होळीला घरी जाता येणार, या एका आशेवर ही मुले हिवाळा काढतात.

अशा मुलांमध्ये काही वर्षांपूर्वी एक पाहुणी तरुणी तीन आठवडे राहून गेली. मन लावून काम करणारी, प्रेमळ. मुलांना तिने गाणी शिकवली, चित्रे काढायला शिकवले, रोज रात्री एका लहानग्याला थोपटून झोपवले. ती गेली तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवून निरोप दिला. तो लहानगा मात्र पुढचे कित्येक दिवस संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसत असे आणि अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर थांबणाऱ्या प्रत्येक बसकडे पाहत असे. त्या तरुणीचा दोष नव्हता. दोष आमचा होता. तीन आठवड्यांच्या पाहुणीला आम्ही आईच्या जागी बसू दिले होते.

जे आम्ही एका मुलाच्या बाबतीत पाहिले ते अभ्यासकांनी फार पूर्वी नोंदवले आहे. ब्रिटिश मानसतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात सांगितले, की लहान मुलाला एका स्थिर, जिव्हाळ्याच्या माणसाची गरज अन्नाइतकीच असते. दर काही महिन्यांनी नवा चेहरा येतो, लळा लावतो आणि निघून जातो, तेव्हा मूल हळूहळू कोणावरच विसंबेनासे होते. बाहेरून ते कोणाच्याही कडेवर चटकन जाणारे, हसरे दिसते. पाहुण्याला वाटते, किती प्रेमळ मूल!

याहून गंभीर बाब अशी, की पैसे देणारे स्वयंसेवक वाढले की काही ठिकाणी त्यांच्यासाठी 'अनाथ' मुलेही गोळा केली जाऊ लागतात. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत मुलांच्या निवासी संस्था सुमारे ७५ टक्क्यांनी वाढून २६९ झाल्या. तेथील चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई वा वडील, किमान एक तरी, हयात होते. गरीब पालकांना शिक्षणाची आशा दाखवून मुले आणली जात होती. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१९ मध्ये बालहक्कांवरील ठरावात अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल घेतली. आपल्या वसतिगृहातील मुलेही अनाथ नाहीत. त्यांना घर आहे, आईवडील आहेत, पाडा आहे. वसतिगृह हा त्यांच्या शिक्षणाचा मुक्काम आहे, हे आपण कधीही विसरू नये.

एका वर्षात काय करता येते

मग वर्षभराची सेवा निरर्थक आहे काय? मुळीच नाही. फक्त वर्षाचा हिशेब आधी मांडावा लागतो. पहिले तीन-चार महिने भाषा, अन्न, हवामान आणि माणसे समजण्यात जातात. शेवटचा महिना-दीड महिना काम सोपवून देण्यात गेला पाहिजे. उरतात साडेसहा ते आठ महिने. एवढ्या काळात जे काम पूर्ण होईल आणि आपल्यामागे चालू राहील, तेच हाती घ्यावे.

आमच्याकडेच आलेल्या दुसऱ्या एका स्वयंसेवकाचे काम येथे सांगण्यासारखे आहे. तो वर्गावर फारसा गेला नाही. रोज दुपारी आमच्या दोन शिक्षकांबरोबर बसून त्याने घरातल्या, शेतातल्या, जंगलातल्या वस्तूंची चित्रे काढली. शिक्षकांनी त्यांच्याखाली वसावी आणि मराठी शब्द लिहिले. त्या चित्रांची वही आजही जूनमध्ये पहिल्यांदा कपाटातून निघते. त्याचे नाव मुलांना ठाऊक नाही; वही ठाऊक आहे. परिचारिका असेल तर तिने स्थानिक सेविकेला प्रथमोपचार शिकवावेत. हिशेबनीस असेल तर त्याने संस्थेची खातेवही नीट लावून द्यावी. अभियंत्याने पाण्याची टाकी आणि वायरिंग तपासावे व ती तपासण्याची रीत कोणाला तरी शिकवावी.

याच नर्मदाकाठी चिमलखेडी, निमगव्हाण येथे १९९० च्या दशकाच्या आरंभी जीवनशाळा सुरू झाल्या. तेथे मुलांच्या बोलीत बोलणारे गावचेच तरुण शिक्षक उभे राहिले. मुलांपाशी कायम राहणारा माणूस हा असा असतो. स्वयंसेवकाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. त्याच्या जागी नव्हे.

निघण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी संस्थेला पुढील प्रश्न लेखी विचारावेत.

१. मुले येथे का आहेत? पालक असल्यास ती घरी कधी जातात? याचे सरळ उत्तर न देणाऱ्या संस्थेत जाऊ नये.

२. आमची पूर्वतपासणी कशी करणार? पोलिसांचा दाखला न मागणारी संस्था कोणालाही आत घेते, असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा मुलांच्या रक्षणासाठी आहे. तशी लिखित नियमावली तेथेही असली पाहिजे.

३. हे काम करायला स्थानिक माणूस मिळत नाही काय? मिळत असेल तर आपण त्याची रोजी घेतो आहोत.

४. पैसे कोण कोणाला देणार, आणि कशासाठी? संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेसारख्या ठिकाणी निवड झाल्यास निर्वाह भत्ता मिळतो. काही खासगी संस्था मात्र स्वयंसेवकाकडूनच मोठे शुल्क घेतात. त्यातील किती रक्कम मुलांपर्यंत जाते, हे विचारण्यात संकोच नसावा.

५. व्हिसा कोणत्या प्रकारचा? पर्यटक व्हिसावर वर्षभर काम करणे ही कायद्याची फसवणूक आहे. हीच अट आपल्याकडे येणाऱ्यांनाही लागू आहे. वर्षभराच्या सेवेसाठी भारतात एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो, आणि परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची एफसीआरए नोंदणी असावी लागते.

आपल्या दारातले वर्ष

भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या शिष्यांना लोकांच्या हितासाठी वेगवेगळ्या वाटांनी पाठवले. त्याच संघाने पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा वर्षावासही पाळला. जाणे आणि राहणे ही दोन्ही सेवेचीच अंगे आहेत. ज्याला परदेशी जायचे आहे त्याने अवश्य जावे, तयारीने जावे, आणि परतल्यावर तेथे पाहिलेले येथे सांगावे. आम्ही त्याची वाट पाहू.

परंतु ज्यांना पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची जुळवाजुळव शक्य नाही, त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. जूनच्या पहिल्या आठवड्यात वसतिगृहात येऊन नव्या मुलाशी त्याच्या बोलीत चार शब्द बोलणारा माजी विद्यार्थी आम्हांला हवा आहे. ते मूल रडायचे थांबून त्याच्याकडे पाहते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. परदेशातून कोणी कितीही तळमळीने आले, तरी हे काम त्याला पहिल्या दिवशी जमणार नाही. तुम्हांला जमेल. आणि येणार असाल, तर एकच विनंती : पुढच्या जूनमध्येही या.