डोंगा कुणाचा, डागडुजी कुणाची?

इंग्लंडातल्या जुन्या कालव्यांवर आजही लांबट, अरुंद होड्या चालतात. नॅरोबोट म्हणतात त्यांना. रुंदी जेमतेम ७ फूट; कारण कालव्यांच्या अरुंद दारांतून तेवढीच होडी जाते. एकट्याला खर्च झेपत नाही, म्हणून काही कुटुंबे मिळून एक होडी घेतात. वापराचे आठवडे वाटून घेतात आणि दर दोन-तीन वर्षांनी होडी पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप द्यायचा, तो खर्चही वाटून घेतात. हौसेची ही भागीदारी टिकते ती डागडुजीच्या हिशेबावर.

आमच्या चिमूर भागात होडी हौसेची नसते. डोंगा पाहायचा तर ब्रह्मपुरी ओलांडून वैनगंगेवर, नाहीतर गावोगावच्या तलावांवर जावे. एकाच खोडात कोरलेला डोंगा किंवा फळ्यांची नाव यांवर ढिवरांचे संसार चालत आले.

डोंग्याची निगा हे वर्षभराचे काम. उन्हात लाकूड तडकते, म्हणून वापर नसताना तो सावलीत नाहीतर उथळ पाण्यात बुडवून ठेवायचा. फळ्यांच्या नावेच्या सांधी सूत किंवा चिंध्या ठासून बुजवायच्या, वरून डांबर फासायचे. हे चुकले की पाणी आत आलेच! नावेचा मालक एक, पण बसणारे सारे गाव: मजूर, शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या बाया. नावाड्याला सुगीत घरटी धान देण्याची रीत मी पाहिली आहे. ते नुसते भाडे नव्हते. नाव धड ठेवण्यातला तो गावाचा वाटा होता. पूल झाले तशी ती रीत मोडली. पण पूल सगळीकडे झाले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला पलीकडे निघाल्या असता नाव वैनगंगेत उलटली आणि काहींना जीव गमवावा लागला. अशा वेळी बोट दाखवले जाते ते नावाड्याकडे. नावेत किती जणांनी बसावे, ती कुणी तपासावी, हे मात्र गावात कुणी ठरवत नाही.

तलावांची कथा याहून वेगळी नाही. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले. तेच आजचे 'मामा तलाव'. कागद सरकारचा झाला, पण गाळ उपसायचा कुणी, पाळ सावरायची कुणी, हा प्रश्न लोंबकळत राहिला. ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, मत्स्यबीज सोडतात. तलाव गाळाने उथळ झाला की मासळी घटते आणि मासळी घटली की डोंग्याच्या डांबराला पैसा उरत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य केला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाने हक्क मागण्याआधीच जंगल राखण्याचे नियम स्वतःला घालून घेतले होते. हेच आपण घाटावर का करू नये? पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेने प्रत्येक नाव तपासावी, माणसांची मर्यादा तिच्यावर रंगवून लिहावी, डांबर-लाकडाचा खर्च गावखात्यातून द्यावा. नाव ढिवराची खरी, पण तिच्यात जीव आपल्या सगळ्यांचे बसतात.